पाण्याचा आकडा

खेकड्यांनी वरच्या खाचराचा बांध पोखरला होता. रात्रीत पाणी खालच्या खाचरात उतरलं होतं आणि वरचं भात, नुकतं पोटरीला आलेलं, कोरडं पडायच्या बेतात होतं. एकनाथ सकाळी उठून तिथं गेला, गुडघ्यांवर बसला आणि बांधाला हात लावून भोकं शोधू लागला. भोक सापडलं की कोपरापर्यंत हात घालायचा, आत खेकडा असला तर ओढून काढायचा, चिखलाचा गोळा कोंबायचा आणि वरून टाचेनं दाबायचं. एका खेकड्यानं अंगठ्याला नांगी लावली. रक्त आलं. त्यानं अंगठा पाण्यात बुडवला आणि पुढचं भोक बघायला लागला.

बंडीच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन वाजला. त्यानं हात धुतले, पिशवी सोडली.

"आबा, एक पंचेचाळीस," त्याचा मुलगा शंभू म्हणाला. मागे कंपनीच्या मशिनींचा आवाज होता.

"बरं."

"हिरवाच हाय."

"बरं."

फोन बंद झाला. एकनाथनं दुसरा नंबर लावला. पुण्याच्या पाटबंधारे हापिसात एक मुलगी फोन घ्यायची. तिला त्यानं सांगितलं, भरे पूल, एक पंचेचाळीस. ती म्हणाली, ठीक आहे काका. त्यानं फोन पुन्हा पिशवीत गुंडाळला आणि बांधापाशी बसला. नदी तिथून अर्ध्या कोसावर होती. सकाळपासून त्यानं ती पाहिली नव्हती. सकाळपासूनच कशाला, तो पावसाळा लागल्यापासून पट्टीपाशी उतरलाच नव्हता.

पट्टी म्हणजे मुळा नदीवरच्या भरे पुलाच्या खांबाला ठोकलेली पांढरी पत्र्याची फळी. तिच्यावर काळ्या रेघा आणि मीटरचे आकडे. काठावरून दगडी पायऱ्या खाली जातात, त्या उतरून पाणी कुठल्या रेघेला लागलंय ते बघायचं आणि सकाळ-संध्याकाळ हापिसात कळवायचं. चार पावसाळ्यांमागं हापिसाला गावातला माणूस हवा होता. एकनाथ नको म्हणत होता. अनसूयानं त्याला पाठवलं. घरात बसून गुडघे दाबत राहण्यापेक्षा दोन वेळा नदीला जाऊन याल, असं ती म्हणाली. मग तीच बरोबर यायला लागली. पायऱ्यांना शेवाळ असायचं. ती त्याच्या दंडाला धरून उतरायची, का तो तिच्या, हे बघणाऱ्याला कळलं नसतं. खाली उतरून तो आकडा वाचायचा आणि ती तोंडावर पाणी मारून घ्यायची. वर येताना अळूची पानं खुडायची. एवढंच.

गेल्या श्रावणात तिला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग पौडचा दवाखाना, मग पुण्याचा. परत आणली ती ॲम्ब्युलन्समधून, तोंड झाकून. त्या पावसाळ्याचे उरलेले आकडे शंभूनं घेतले. कामाला जायच्या आधी तो पायऱ्या उतरायचा आणि बाप घरात भिंतीला टेकून बसलेला असायचा.

यंदा, दोन हजार नऊच्या ज्येष्ठात, पुलाला डबा लागला. कठड्यातून एक लोखंडी हात पाण्यावर बाहेर काढला आणि त्याच्या टोकाला पांढरा डबा बसवला. वर सोलरची पाटी. ऋषिकेश नावाचा एक तरुण इंजिनिअर होता, नांदेडकडचा. त्यानं जमलेल्या लोकांना समजावलं. डबा खाली आवाज सोडतो, तो आपल्याला ऐकू येत नाही. आवाज पाण्याला आपटून परत आला की पाणी किती खाली आहे हे डब्याला कळतं. ते फोनसारखं पुण्याला जातं. तिथं कॉम्प्युटरवर नकाशा आहे, नकाशात नदी आहे आणि आपल्या पुलावर एक ठिपका आहे. पाणी कमी असलं की हिरवा, वाढलं की पिवळा, धोका असला की लाल. जगात कुठूनही बघा.

"अमेरिकेतून बी दिसंल का?" भिकू कोतवालानं विचारलं.

दिसेल, असं इंजिनिअर म्हणाला.

"मग आमी कशाला बघायची," भिकू म्हणाला आणि लोक हसले.

एकनाथ हसला नाही. ऋषिकेशनं त्याला बाजूला घेऊन नीट सांगितलं होतं. यंदा दोन्ही चालू राहतील, डबाही आणि माणूसही. डबा बरोबर सांगतोय का, हे माणसाच्या आकड्यावरून पडताळायचं. पावसाळा संपला की साहेब ठरवतील. आकडे नीट जुळत गेले तर पुढंही एक माणूस इथं लागेलच, डब्यावर लक्ष ठेवायला. तो तुम्हीच असाल. पण आकडे जुळले पाहिजेत काका.

हे काम राहिलं पाहिजे, असं शंभूला फार वाटत होतं. पैशासाठी नव्हे, त्याला कंपनीत बरं मिळत होतं. पण आबांना सकाळी उठायला काही कारण लागतं हे त्यानं वर्षभर पाहिलं होतं. काम गेलं तर म्हातारा पुन्हा भिंतीला टेकेल आणि उठणार नाही. कंपनीच्या स्टोअरमध्ये इंटरनेट होतं. पहिल्याच आठवड्यात शंभूनं तो नकाशा काढला, ठिपक्यावर माऊस दाबला आणि आकडा बापाला फोनवर सांगितला. त्या दिवशी पाऊस मुसळधार होता. "खाली उतरू नका आबा," तो म्हणाला, "हितं दिसतंय समदं. हाच सांगा." दुसऱ्या दिवशीही सांगितला. मग ती रीतच पडली. आकडे जुळत गेले. हापिसातल्या मुलीनं एकदा एकनाथला शाबासकी दिली, काका तुमचा आकडा अगदी मशीनसारखा असतो.

सगळी भोकं बुजवून झाली तेव्हा उन्हाची तिरीप आली होती. एकनाथ उठला. पाठीतून कळ गेली. त्यानं सापडलेले खेकडे पिशवीत घातले आणि घरी आणून ओट्यावर ठेवले. पितृपक्ष चालू आहे, घरात शिजवायचं नाही, असं सारजाबाई म्हणाली. मग त्यानं ते शेजारी देऊन टाकले.

सारजाबाई त्याची थोरली भावजय. भाऊ गेल्यापासून ती याच घरात होती. अनसूया गेल्यावर चूल, सणवार, देवधर्म सगळं तिच्याकडे आलं. शंभूची बायको पिंकी फाल्गुनात लग्न होऊन आली होती, नेरे गावची. तिच्या माहेरची शेतं विकली गेली होती आणि भावांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. ती भात लावायला शिकली ती इथंच. सासऱ्यासमोर ती अजून बोलत नव्हती. काही सांगायचं असलं तर सारजाबाईला सांगायची आणि सारजाबाई ते एकनाथला मोठ्यानं सांगायची, मधे भिंत असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी आहेव नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी. अनसूयाचं वर्ष श्रावणात झालं होतं, ही तिची पहिली नवमी. सारजाबाईनं आदल्या दिवशी सगळं ठरवलं. शेजारच्या लीलाबाईला सवाष्ण म्हणून जेवायला सांगितलं होतं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. आणि लुगडं. त्यांच्या घराची रीत होती, मेलेल्या बाईच्या नेसणीतलं एक लुगडं घ्यायचं, त्याच्या पदरात नारळ नि तांदूळ बांधायचे आणि पहाटे नदीवर झुकलेल्या फांदीला लटकवून यायचं. हातानं पाण्यात सोडायचं नाही. नदीला हवं तेव्हा ती नेते. सारजाबाई विधवा, तिनं ते करायचं नव्हतं. सुनेनंच करायचं.

"कुटल्या फांदीला, आत्ती?" पिंकीनं विचारलं.

"पुलापाशी उंबर हाय न्हवं, त्याच्या."

उंबर पुलाचं काम झालं तेव्हाच तोडला होता. सारजाबाई त्या बाजूला बऱ्याच वर्षांत गेली नव्हती.

एकनाथ दारात बसला होता, पण त्याचं बोलण्याकडे लक्ष नव्हतं. पेटीतून काढलेलं हिरवं लुगडं सारजाबाईच्या मांडीवर होतं. ते त्यानं ओळखलं. घोटवड्याच्या बाजारातलं. किती साली ते आठवलं नाही.

पहाटे भुरभुर पाऊस होता आणि धुकं होतं. पिंकी डोक्यावरून पोतं घेऊन नदीवर गेली आणि उजाडताना परत आली. पाय धुऊन चुलीपाशी बसली. शंभू त्याआधीच पहिल्या पाळीला गेला होता. एकनाथनं अंघोळ केली, ओल्या पंच्यानं पाटावर बसला. सारजाबाई कणीक मळत होती.

फोन वाजला, तसा तो पंच्यातच उठला.

"आबा," शंभूचा आवाज वेगळा होता. "लाल झालंय."

"काय?"

"ठिपका लाल झालाय. पाच वीस दावतंय. पाच वीस, आबा. रातच्याला वर पाऊस झाला का लई? धरणाचं पाणी सोडलं का काय?"

एकनाथनं दारातून बाहेर बघितलं. अंगणापलीकडे काही दिसत नव्हतं. धुकं आंब्याच्या झाडापर्यंत आलं होतं. त्यानं कान दिला. वर्षभर त्याला नदीचा आवाज वेगळा असा ऐकू येत नव्हता, आजही आला नाही.

"मी हापिसाला सांगतो," तो म्हणाला.

"सांगा. लगोलग सांगा. खालची वाडी जाईल."

त्यानं नंबर लावला. मुलीनं विचारलं, काका, तुम्ही पाहिलं का, इथं लाल दाखवतंय. तो म्हणाला, भरे पूल, पाच वीस. तिनं पुन्हा विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. पलीकडे ती कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आली, माणसाचा पण पाच वीसच आहे.

चुलीपाशी पिंकी सारजाबाईच्या कानाशी लागली. सारजाबाई म्हणाली, "ही म्हणती पानी तर खालीच व्हतं. पहाटं बघितलं म्हणं."

एकनाथ पुन्हा पाटावर जाऊन बसला.

"पहाटंचं पहाटं," सारजाबाईच पिंकीला म्हणाली. "नदी काय तुझ्यासाठी थांबून ऱ्हाती? मशीनला कळत न्हाई आन् तुला कळतं व्हय?"

पिंकी वडे थापू लागली.

त्यानंतर सगळं पटापट झालं. पोलीस पाटलाला फोन आला, सरपंचाला आला. देवळाच्या भोंग्यावरून कुणीतरी सांगू लागलं, खालच्या वाडीनं वर यावं, पुलावर पाणी पाचाच्या वर गेलंय. खालची वाडी पुलाखाली दोन वळणं सोडून नदीच्या काठाला होती. तिथल्या लोकांनी बाहेर येऊन पाहिलं तर नदी रोजच्यासारखी होती. पण वर पाच असेल तर पाणी येतंय, आत्ता पोचेल, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी जनावरं सोडली. पाणी उपसायच्या मोटारी उचलायला दोघं-चौघं काठावर पळाले, एक मोटार सुटली आणि पाण्यात गेली. वीटभट्टीवरची परप्रांतीय माणसं पोरं काखेत घेऊन शाळेकडे चढली. "कितना पानी आया?" असं ती वाटेत भेटेल त्याला विचारत होती आणि कुणीही त्यांना पाच बोटं दाखवत होतं.

गोजराबाई नावाची म्हातारी चालत नव्हती. तिच्या मुलानं तिला पाठुंगळी घेतलं. शाळेच्या चढावर, तांबड्या निसरड्या मातीत, त्याचा पाय सरकला आणि म्हातारी खाली पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिला शाळेच्या ओसरीवर बाकावर निजवलं. ती ओरडत नव्हती, नुसती कण्हत होती आणि माझी बोकडं कुणी आणली का, असं विचारत होती.

लोक शाळेच्या पटांगणात उभे राहिले आणि नदीकडे बघू लागले. धुकं विरत गेलं. नदी दिसायला लागली. ती होती तेवढीच होती.

भिकू कोतवालाला पूल बंद करायला पाठवलं होतं. तो दोरी घेऊन गेला तो दोरी तशीच खांद्यावर घेऊन परत आला. शाळेपाशी येऊन त्यानं आधी तंबाखू मळली. मग म्हणाला, "पूर बिर काय न्हाई. डब्याखाली लुगडं लटाकलंय. हिरवं. त्यात नारळ हाय."

कुणाला काही कळेना. भिकूनं पुन्हा सांगितलं. मग हळूहळू कळलं, डब्याचा आवाज पाण्याला नव्हे, लुगड्याला आपटून परत येत होता. कुणीतरी हसलं. गोजराबाईचा मुलगा हसणाऱ्याच्या अंगावर गेला, त्याला चौघांनी धरलं.

एकनाथच्या घरी हे पोचलं तेव्हा लीलाबाई नव्या साडीत पाटावर बसली होती आणि पान वाढलं होतं. भिकू अंगणातूनच बोलला. ओळखीनं, हळू बोलला. "एकनाथदा, तुमच्या घरचंच हाय न्हवं ते? इंजिनिअर निघालाय पुण्यावनं. चला."

सारजाबाईनं पिंकीकडे बघितलं. पिंकीच्या हातातला वाढायचा डाव तसाच राहिला.

"उंबर न्हवता तितं," ती सारजाबाईला म्हणाली. "फांदीच न्हवती कुटं. ती दांडी पान्यावर आलेली दिसली. मला वाटलं हीच."

एकनाथनं सदरा घातला. टोपी घातली. पुलाकडे निघाला. मागून सारजाबाई आणि तिच्या मागून पिंकी आली. लीलाबाई एकटीच पानासमोर बसून राहिली.

पुलावर खालच्या वाडीची माणसं आधीच पोचली होती. ती बाजूला झाली आणि त्याला वाट दिली. कुणी रामराम केला नाही. लोखंडी हाताला लुगड्याच्या दोन गाठी मारल्या होत्या. खाली दुमडलेलं हिरवं लुगडं लोंबत होतं, पदराच्या गाठोड्यानं ओढलेलं, पावसानं काळपट झालेलं. वाऱ्यानं ते हलत होतं. त्याच्याखाली, पुष्कळ खाली, नदी आपली चालली होती.

ऋषिकेशची जीप आली. तो उतरला, कठड्यावरून वाकून बघितलं आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला. त्याच्या कपाळावरून पावसाचं पाणी गळत होतं. त्यानं कुणाला शिव्या दिल्या नाहीत. हे काढायला लागेल, एवढंच म्हणाला.

कुणी पुढं आलं नाही. सारजाबाई म्हणाली, नवमीचं लुगडं आहे, नदीला दिलेलं, ते माघारी ओढत नाहीत. ऋषिकेशबरोबर आलेल्या माणसानं जीपमधून कोयता आणला.

"थांबा," एकनाथ म्हणाला.

तो कठड्याला पोट लावून वाकला आणि लुगडं वर ओढू लागला. पाणी पिऊन ते जड झालं होतं. एक हात, मग दुसरा हात, विहिरीतून पोहरा काढावा तसं. ऋषिकेशनं फोन कानाला लावला होता. पलीकडे नकाशासमोर बसलेलं कुणीतरी आकडा सांगत होतं आणि तो ते जमलेल्यांना ऐकू येईल असं पुन्हा म्हणत होता. "पाच साठ. सहा. सहा चाळीस." एकनाथ ओढत होता तसा पूर चढत होता. भिकूनं तोंड फिरवलं. गाठोडं डब्याशेजारून वर आलं, कठड्यावर टेकलं.

"एक साठच्या आसपास," ऋषिकेश म्हणाला. "हिरवा."

गाठी ओल्यानं घट्ट झाल्या होत्या. त्या एकनाथनं दातांनी सोडवल्या. मग लुगडं उचलून पुलाच्या दुसऱ्या अंगाला नेलं आणि सोडून दिलं. ते पाण्यावर पसरलं नाही. नारळाच्या वजनानं एका बाजूला कलंडलं, खांबाच्या मागच्या भोवऱ्यात दोनदा फिरलं आणि गेलं. सारजाबाईनं हात जोडले. पिंकीनंही जोडले.

"हिनंच बांदलं न्हवं?" गोजराबाईचा मुलगा म्हणाला. "ह्या नेऱ्याच्या पोरीनं. माज्या आईचं हाड मोडलं हिच्यापायी. मोटार गेली ती येगळीच."

"खोल्या भाड्यानं द्यायची अक्कल आसती तिकडं," मागून एक बाई म्हणाली. "फांदी कुटली न् दांडी कुटली ते कुटनं कळायचं."

पिंकी खाली बघत उभी राहिली. तेवढ्यात शंभू मोटारसायकलवरून आला, कंपनीच्या निळ्या कपड्यांत. गाडी आडवी टाकून तो बापाच्या शेजारी येऊन उभा राहिला.

ऋषिकेशनं एकनाथला कठड्यापाशी जरा बाजूला घेतलं, पण माणसं एवढी जवळ होती की सगळ्यांना ऐकू जात होतं. तो म्हणाला, डब्याखाली अडथळा आला तर डबा चुकणारच, ते मी लिहीन. पुलावर फलक लावू, बायकांना ताकीद देऊ. माझा प्रश्न तुमच्या आकड्याचा आहे काका. डबा चुकला तर माणूस बरोबर असावा, म्हणून तर माणूस ठेवलाय. पट्टी चारपर्यंतच आहे. पाच वीस तुम्ही कुठं वाचलं?

एकनाथनं कठड्याला धरलं.

"धुकं होतं," ऋषिकेश म्हणाला. तो हळू बोलत होता, शब्द पुढं करत होता. "वरूनच पाहिलं असेल. खाली काही दिसलं नसेल, अंदाजानं सांगितलं असेल. असं होतं. मी तसं लिहितो. पण तुम्ही सकाळी इथं आला होतात ना?"

"व्हय, आलते," शंभू म्हणाला. "रोज येत्यात."

"मग समोर लुगडं लटाकलेलं दिसलं न्हाई?" भिकूनं विचारलं. त्यात खोच नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं.

"धुकं व्हतं म्हनलं न्हवं," शंभू त्याच्यावर ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, "ज्यानी बांदलं त्याची चूक. आबांची काय चूक हाय ह्यात."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण कुणाविषयी बोललो. पिंकीनं मान वर करून नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

एकनाथ कठड्याला धरून उभा होता. त्याच्या दातांत लुगड्याचा एक धागा अडकला होता. तो त्यानं बोटानं काढला.

"मी आलोच न्हवतो," तो म्हणाला.

"आबा."

"आजच न्हवं. यंदा एकदा बी आलो न्हाई. ह्यो पोरगा कंपनीतनं मशीनचा आकडा सांगायचा, तोच मी तुमास्नी सांगायचो. म्हनून जुळायचे." तो थांबला. बोलायची सवय गेली होती, श्वास पुरत नव्हता. "पोरीनं घरातच सांगितलं व्हतं, पानी खाली हाय म्हनून. ती बघून आलती. मी उठून दाराभाईर पन गेलो न्हाई. तिला बोल लावू नका कुनी. गोजरामावशीचं हाड माज्यापायी मोडलं."

ऋषिकेशनं चष्मा काढून पुसला, तो पुन्हा भिजला.

"का नाही आलात काका?" त्यानं विचारलं.

"ती बरूबर नसती आता," एकनाथ म्हणाला.

इंजिनिअरला ती म्हणजे कोण ते माहीत नव्हतं. त्यानं विचारलंही नाही. तो म्हणाला, मग माझ्या हातात काही राहिलं नाही. उद्यापासून आकडा कळवू नका. तो जीपकडे गेला आणि आपल्या माणसाला डबा पुसून घ्यायला सांगितलं.

गोजराबाईचा मुलगा थुंकला आणि निघून गेला. त्याच्यामागून खालची वाडी निघाली. जनावरं परत न्यायची होती, चुली पेटवायच्या होत्या. सारजाबाई म्हणाली, लीलाबाई उपाशी बसलीय, आणि घराकडे चालू लागली. शंभू बापासमोर आला.

"कशापायी सांगितलं? भागलं असतं की. आता काय करशीला दिसभर?"

एकनाथनं त्याच्याकडे बघितलं. शंभूनं मोटारसायकल उचलली. ती तीन-चार लाथांत सुरू झाली नाही. मग तो ती ढकलतच घेऊन गेला.

एकनाथ पुलावरून काठाला आला आणि पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहिला. पायऱ्यांवर गवत आलं होतं. मधल्या दोन ढासळल्या होत्या. त्यानं वहाणा काढल्या आणि बसून, एकेक पायरी सरकत, तो खाली उतरला. शेवटच्या पायरीखाली गाळ साचला होता. पाय गुडघ्यापर्यंत रुतला. तो काढून त्यानं पुढं टाकला आणि खांबाला धरून पाण्यात उतरला. पाणी कमरेला आलं.

पट्टीवर गाळाचा थर होता. तो त्यानं तळहातानं पुसला. आकडे दिसेनात. त्यानं सदऱ्याची बाही ओली करून घासली, नाक पत्र्याला लागेपर्यंत तोंड जवळ नेलं. पाण्याची लाट येत होती नि जात होती. रेघ बुडत होती, उघडी पडत होती. दोन्हींच्या मधलं धरायचं असतं. तो थांबून राहिला.

"साहेब," त्यानं वर तोंड करून हाक मारली. "एक अठ्ठावन."

ऋषिकेश कठड्यावरून वाकला. "असू द्या काका," तो म्हणाला. "डब्याचा आलाय. वर या, पाय घसरेल."

जीप सुरू झाली, वळली आणि पुलावरून गेली. तिचा आवाज पिरंगुटच्या रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होता. मग पाण्याचा आवाज तेवढा राहिला. एकनाथ खांबाला धरून उभा होता. चढायला हवं होतं, पण पाय गाळात रुतले होते.

वरच्या पायरीवर पिंकी उभी होती. घरी गेली नव्हती. पोतं डोक्यावरून सरकून खांद्यावर आलं होतं. तिनं इकडेतिकडे बघितलं. मधे सारजाबाई नव्हती, कुणीच नव्हतं.

"मामंजी," ती म्हणाली. "किती हाय?"

त्यानं पुन्हा पट्टीकडे बघितलं. एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली.

"एक अठ्ठावन."

"पहाटं यवढंच व्हतं," पिंकी म्हणाली. ती दोन पायऱ्या खाली आली, तिसऱ्या, ढासळलेल्या पायरीपाशी थांबली आणि काठाच्या दगडाला धरून तिनं हात पुढं केला.

हात अजून पुष्कळ लांब होता. एकनाथनं एक पाय गाळातून काढला. त्याचे दात वाजत होते. पाणी गार आहे हे त्याला आत्ता कळलं.